कमलाबाई सोहोनी : वनस्पतीच्या पेशीत डोकावणारी संशोधिका

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी अव्वल गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. तेव्हा प्रवेशाविषयी घरात कोणाला शंका नव्हती. अर्ज मात्र नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच. संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रमण होते. नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाची दृष्टी या बाबतीत इतकी आखूड असावी, याचा विषाद आजही वाटतो.

कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि हटेनात. अखेर वर्षभर उमेदवारीवर, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करण्याच्या आणि आपल्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ न देण्याच्या अटींवर प्रवेश मिळाला. तो अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. मात्र श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर त्यांनी केलेले काम असे चोख होते, की पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले.

पुढचा मुक्काम केंब्रिज. तेथील जीवरसायन विभागाची धुरा फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्याकडे होती. जागेची टंचाई होती, म्हणून डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंना दिले आणि स्वतः रात्री काम केले. बंगळूरच्या अटींनंतर हा अनुभव त्यांना किती वेगळा वाटला असेल! पुढे त्या रॉबिन हिल यांच्यासोबत काम करू लागल्या. पेशीतून बाहेर काढलेले हरितलवकही प्रकाशात प्राणवायू सोडतात, हे दाखवणारे हिल ते हेच.

बटाट्याच्या ऊतींवर काम करताना कमलाबाईंना सायटोक्रोम सी आढळले. लोह बाळगणारे हे तांबूस प्रथिन श्वसनात इलेक्ट्रॉनची ने-आण करते. प्राण्यांत ते ठाऊक होते. ते वनस्पतींतही आहे, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. झाडाची श्वसनक्रिया आपल्यासारख्याच रासायनिक साखळीने चालते, हा त्याचा अर्थ. १९३९ मध्ये फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेझ या विकरावर हिल आणि त्यांचा संयुक्त लेख ‘नेचर’मध्ये आला. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. जाडजूड प्रबंधांच्या आजच्या काळात ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

या प्रथिनाची पुढची कहाणी नंतरच्या पिढ्यांनी उलगडली. सायटोक्रोम सीची जनुके पेशीकेंद्रात असतात. प्रथिन बाहेर पेशीद्रवात तयार होते आणि मग तंतुकणिकेत जाते. हिल यांनी हरितलवकात शोधलेल्या सायटोक्रोम एफचे जनुक मात्र खुद्द हरितलवकाच्या डीएनएत असते. तरीही हरितलवकाला लागणारी बहुतेक प्रथिने केंद्राकडूनच येतात. साहजिकच उलट निरोपही जावा लागतो : उन्हाचा मारा फार झाला किंवा लवकाची घडण अडली, की तेथून संकेत निघतात आणि केंद्र आपल्या जनुकांचे काम कमी-जास्त करते. कमलाबाईंच्या काळी ही देवघेव कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. पण तिच्यात वावरणाऱ्या एका प्रथिनाची वनस्पतीतली ओळख त्यांनी पटवली होती.

परदेशी राहण्याची संधी असूनही त्या १९३९ मध्ये परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरेचा लाभ होतो असे त्यातून दिसले. या कामाला राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना ताटकळत ठेवूनच देण्यात आले. बंगळूरचा अनुभव मुंबईतही पाठ सोडत नव्हता.

निवृत्तीनंतर भेसळ आणि फसव्या मापांविरुद्ध लढणाऱ्या ग्राहक चळवळीत त्या रमल्या. थोरली बहीण दुर्गा भागवत साहित्यात जितक्या गाजल्या, तितक्या कमलाबाई गाजल्या नाहीत. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.