बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर

बाळकृष्णबुवांचा जन्म १८४९ सालचा. गायनविद्येच्या ध्यासाने त्यांनी दूरचे ग्वाल्हेर गाठले आणि वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करून ख्यालगायकी आत्मसात केली. दीर्घ श्वास घेऊन, गळ्यास ताण न देता खर्जाचा स्वर स्थिर ठेवावयाचा, हा या विद्येचा पाया होय.

पुढे बुवा मुंबईस आले. परंतु तेथे त्यांना दम्याने ग्रासले. ज्याची सारी कला श्वासावर उभी, त्याचा श्वासच अडू लागला! तरीही बुवांनी विद्या टाकली नाही. मुंबई सोडून ते मिरजेस राहिले व शिष्य घडवू लागले. त्यांपैकी विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले.

१९२६ मध्ये बुवा निवर्तले. त्यांची गायकी मात्र शिष्यप्रशिष्यांच्या कंठांतून महाराष्ट्रभर निनादत राहिली.