दिव्याला हाताचा आडोसा

गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती, हे वाक्य आपण दरवर्षी उत्सवाच्या उद्घाटनाला ऐकतो. मी ते ऐकतो आणि दरवर्षी मनातल्या मनात बेरीज करतो. चौदा आणि चौसष्ट, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. एवढ्यातली एक तरी आपल्या वाट्याला आली असेलच ना? आली असेल तर ती कोणती, हे कळायचे कसे? यंदा समितीने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा याच प्रश्नावर लिहायचे ठरवले. पण उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून एका माणसाची गोष्ट सांगतो. माणूस आपला, कोकणातला. आणि त्याचे सर्वांत गाजलेले काम आपल्या बोगादीपासून काही किलोमीटरवर, जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रशाळेत.

आधी एक कबुली देतो. नोकरीनिमित्त म्हैसूरला आल्यावर गावाकडच्या पाहुण्यांना शहर दाखवणे हे माझे दुसरे कामच झाले होते. तुम्हा सर्वांचा अनुभव वेगळा नसेल. चामुंडी टेकडी, मोठा राजवाडा, प्राणिसंग्रहालय, वृंदावन आणि वेळ उरलाच तर जगन्मोहन. तिथे एक चित्र अंधाऱ्या जागेत लावलेले असे. साडी नेसलेली एक स्त्री, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. तिच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो आणि चेहरा उजळतो. पाहुणे विचारत की मागे बल्ब लावला आहे का. मी जाणकाराच्या थाटात सांगत असे की बल्ब नाही, ही राजा रविवर्म्याची करामत. अशी कित्येक वर्षे गेली. एकदा सावंतवाडीकडचे एक वयस्कर नातेवाईक आले होते. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि मग शांतपणे सांगितले की हे चित्र रविवर्म्याचे नाही, आमच्या हळदणकरांचे आहे. मला त्या दिवशी जी शरम वाटली ती अजून आठवते. तीस-चाळीस जणांना तरी मी ते चुकीचे नाव सांगितले असेन!

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ सालचा, सावंतवाडीचा. सावंतवाडी म्हणजे रंगांचेच गाव. लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेली गंजिफा तिथली प्रसिद्ध. योगायोग असा की गंजिफेची परंपरा आपल्या म्हैसूरलाही आहे. पण गावात रंग असले म्हणून घरोघरी चित्रकार निपजत नाहीत. या मुलाचा हात वेगळा आहे हे तो शाळेत असतानाच मोठ्यांच्या ध्यानात आले. पुढे सावंतवाडीच्या राजेसाहेबांनी त्याच्या शिक्षणाची सोय केली आणि १९०३ मध्ये तो मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तेव्हा त्याचे वय वीस-एकवीस होते.

मला या टप्प्यावर नेहमी थांबावेसे वाटते. त्या मुलाला चित्र सहज येत होते. आणि जे सहज येते त्याला आपण गुण म्हणतच नाही. कष्टाने जमते ते आपल्याला मोलाचे वाटते. सहज जमते ते वाटते सगळ्यांनाच जमत असेल. म्हणूनच आपला गुण बहुतेक वेळा आधी दुसऱ्याला दिसतो. सावळारामाच्या बाबतीत तो पाहणारी आणि पाहून गप्प न बसणारी माणसे गावात होती. ती नसती तर सावंतवाडीत एक सुंदर हाताचा कारकून झाला असता आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटले नसते.

पण दुसऱ्याने ओळखले म्हणून काम संपत नाही. पुढचे सगळे ज्याचे त्यालाच करावे लागते. जे. जे. मध्ये त्या काळी सेसिल बर्न्स प्राचार्य होते आणि तिथे ब्रिटिश पद्धतीचे काटेकोर शिक्षण मिळे. समोर बसलेला माणूस जसा दिसतो तसा उतरवायचा, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे तासन् तास पाहायचे. हळदणकरांनी ते अंगी मुरवले. शिक्षण संपवून ते व्यक्तिचित्रांकडे वळले. तैलरंगही त्यांनी हाताळले, पण जलरंगातली त्यांची हुकमत विशेष मानली गेली.

चित्रकलेशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी दोन शब्द लिहितो. तैलरंगात चूक झाली तर रंग वाळल्यावर वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ती मुभा जवळजवळ नाही. एकदा गडद झालेला कागद पुन्हा पहिल्यासारखा उजळत नाही. शिवाय त्यात उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो. जिथे प्रकाश हवा तिथे कागद कोरा किंवा अगदी फिका ठेवायचा आणि सभोवती अंधार उभा करायचा. म्हणजे पहिला हात मारण्याआधीच शेवटचा उजेड कुठे पडणार हे ठाऊक असावे लागते. व्यक्तिचित्रासाठी असे माध्यम निवडणे म्हणजे आपणहून अवघड घाट चढणे.

१९०८ मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःची चित्रशिक्षणाची संस्था काढली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. वय पंचविशीचे. म्हणजे चित्र काढता येणे आणि चित्र शिकवता येणे हे दोन वेगळे गुण त्यांनी स्वतःत ओळखले आणि दोन्ही जोपासले. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांमध्ये ते होते आणि पुढे त्या संस्थेचे अध्यक्षही झाले. प्रदर्शने, पदके, मोठ्या घरांतली व्यक्तिचित्रे हे सर्व झाले. मुलगा गजानन हाही चित्रकार झाला.

नाव, पैसा, शिष्य असे सगळे मिळाल्यावर माणूस बहुधा थांबतो. हळदणकर थांबले नाहीत, आणि म्हणूनच म्हैसूरला ते चित्र मिळाले. १९४५ सालची दिवाळी. त्यांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन, ज्योत विझू नये म्हणून दुसरा हात आड धरून उभी होती. तो उजेड तिच्या चेहऱ्यावर कसा पडला आहे हे वडिलांनी पाहिले आणि ते चित्र काढायचे ठरवले. तेही जलरंगात. हळदणकर तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. एकही चूक न करता असा अवघड उजेड जलरंगात उतरवता येतो हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी मुलीला हातात दिवा धरून सुमारे तीन तास न हलता उभे राहावे लागले. ही हकीकत त्याच गीताबाईंनी, म्हणजे गीता उपळेकर यांनी, पुढे म्हातारपणी सांगितली. त्या कोल्हापूरला राहत आणि शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. हळदणकर स्वतः १९६८ मध्ये गेले. चित्राला ‘ग्लो ऑफ होप’ हे नाव आहे, पण लोकांच्या तोंडी ते दिवेवाली बाई म्हणूनच राहिले.

ही माहिती जमवून झाल्यावर एके रविवारी मी एकटाच पुन्हा ते चित्र पाहायला गेलो. या वेळी उजेडापेक्षा मला तो आडोसा धरलेला हात दिसला. आणि माझ्या घरातली एक जुनी गोष्ट आठवली.

माझी मुलगी सातवीत असताना तिच्या चित्रकलेच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतले होते. मला वाटले, काही तक्रार असेल. बाईंनी मुलीची वही माझ्यापुढे ठेवली आणि सांगितले की हिला माणसांचे चेहरे जमतात, या वयात असे सहसा दिसत नाही, हिला कुठे तरी नीट शिकायला पाठवा. मी वही चाळली, बाईंचे आभार मानले आणि घरी येऊन मुलीला गणिताच्या शिकवणीला घातले. गणितात तिला कमी गुण होते ना! वही कुठे गेली ते आज कुणालाच सांगता येत नाही. मुलगी हुशार, तिने सगळे नीट केले. आज ती बंगळुरूला चांगल्या नोकरीवर आहे, आनंदात आहे. तिने मला कधी दोष दिला नाही. मध्यंतरी मी हा विषय काढला तेव्हा तिने फक्त विचारले, की बाई तेव्हा नेमके काय म्हणाल्या होत्या? तिला ते मी कधी सांगितलेच नव्हते. इतक्या वर्षांनी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही.

मुलगी चित्रकार झाली असती असे मी म्हणत नाही. ते कुणाला ठाऊक? पण तिच्या हातात काय आहे हे तिला कळण्याचा हक्क होता, आणि तो निरोप माझ्यापाशी अडकून पडला. आपण मुलांच्या उणिवांवर शिकवण्या लावतो. ते चूक नाही, पण त्यांच्या बळावर किती खर्च करतो? पैसा सोडा, पाच मिनिटे तरी? आणि हे मुलांपुरतेच नाही. कार्यालयात एखादा सहकारी नव्या माणसाला काम इतके सोपे करून सांगतो की ऐकत राहावे. आपण वर्षाअखेरीस त्याचा अहवाल लिहिताना मात्र तो टिपणे वेळेवर देत नाही एवढेच लिहितो. मीही असे अहवाल लिहिले आहेत.

हळदणकरांच्या आयुष्यातून मी स्वतःपुरते तीन धडे घेतले. एक, आपल्याला सहज जमते आणि लोक आपल्याकडे ज्यासाठी पुन्हा पुन्हा येतात, ते हसण्यावारी नेऊ नये. दोन, ते सापडले की त्यातला सोपा भाग करत बसू नये. साठीनंतरही त्यातले अवघड काम अंगावर घ्यावे. आणि तीन, दुसऱ्याचा गुण दिसला तर तो त्याला सांगावा. आपल्या एका वाक्यासाठी तो थांबलेला असू शकतो.

दरवर्षी उत्सवात आपण मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो. मुले सतरंजीवर बसतात आणि मागे आईवडील उभे राहून आकाश निळे कर, झाड मोठे काढ अशा सूचना देतात. गेली दोन वर्षे मी तिथे परीक्षक नाही, नुसता फेऱ्या मारतो. प्रत्येक मुलाच्या चित्रात त्याला काय चांगले जमले आहे ते पाहतो आणि त्याला सांगतो. जवळ उभ्या असलेल्या आईवडिलांनाही ऐकू जाईल असे सांगतो. यंदा आणखी दोघा-तिघांनी माझ्याबरोबर फिरावे अशी विनंती आहे. चित्रकला यायलाच हवी असे नाही. नीट पाहता आले की पुरे.

आणि पाहुणे आले, त्यांना ते चित्र दाखवायला नेले, तर नाव बरोबर सांगा. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडीचे.

गणपती बाप्पा मोरया!