तलाठ्याचे राजीनामापत्र आणि प्रतिसरकार

सार्वजनिक खर्चाचे प्रकरण वर्गात शिकवावयास घेतले म्हणजे दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो. सरकार किती मोठे असावे? वॅग्नर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्याही आधी असे भाकीत केले होते की, समाज जसजसा पुढारत जाईल तसतसा सरकारचा खर्च वाढत जाईल. ते खरे ठरले. परंतु खर्च वाढला म्हणून सरकार लोकांच्या जवळ आले काय, या प्रश्नाचे उत्तर वॅग्नरच्या नियमात नाही. विद्यार्थ्यांचे दोन तट पडतात. एका तटाला वाटते की सरकारने सैन्य, पोलीस आणि न्यायालये सांभाळून बाकी सारे लोकांवर सोपवावे. दुसऱ्याला वाटते की सरकारने हात आखडता घेतला तर गरिबाला वाली उरणार नाही. सातारा-सांगलीच्या भूमीत हा वाद पुस्तकातून शिकवण्याची खरे तर गरज नाही. तो एका माणसाच्या आयुष्यातून शिकवता येतो. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या निधनाला अर्धशतक होत आले. त्यांचे पुतळे आपण उभारले, रस्त्यांना आणि संस्थांना त्यांचे नाव दिले. पण त्यांच्या आयुष्याने जो प्रश्न विचारला तो मात्र आपण बाजूला ठेवला आहे.

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 रोजी झाला. वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. त्या काळी हा सारा भाग सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 साली झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. शेतकऱ्याच्या घरातील या धिप्पाड तरुणाने तलाठ्याची नोकरी धरली. या नोकरीचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. तलाठी म्हणजे सरकारची शेवटची पायरी. जमिनीची नोंद, पीकपाणी, साऱ्याची वसुली हे सर्व त्याच्या दप्तरात. दिल्ली आणि मुंबईचे सरकार खेडुताने कधी पाहिलेले नसते. त्याला दिसते ते तलाठ्याच्या आणि फौजदाराच्या रूपाने. नाना पाटलांनी सरकार पाहिले ते असे खालून आणि आतून. कोणत्या घरातून सारा वसूल होतो, कोणते घर सावकाराच्या वहीत अडकले आहे, आणि सरकारच्या कोणत्या खात्याला त्याचे सुखदुःख आहे, हे त्यांना कोणा पंडिताकडून शिकावे लागले नाही.

1930 साली सविनय कायदेभंगाची हाक आली आणि त्यांनी ही नोकरी सोडली. पुढील बारा वर्षे तुरुंगाच्या वाऱ्या आणि खेडोपाडी प्रचार यांत गेली. सत्यशोधक चळवळीचा संस्कार त्यांच्यावर होता. सातारा जिल्ह्यातील बहुजन समाज काँग्रेसकडे वळला, त्यात नानांसारख्या कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांची भाषा शेतकऱ्याची, उदाहरणे बैलांची आणि पेरणीची. स्वराज्य म्हणजे काय हे ते बांधावर बसलेल्या माणसाला समजेल असे सांगत. लग्नात कर्ज काढून बुडणारी घरे त्यांनी पाहिली होती. म्हणून हुंडा, मानपान आणि जेवणावळी यांना फाटा देणाऱ्या अल्पखर्चाच्या गांधी-विवाहाचा त्यांनी प्रसार केला. ज्या कर्जाच्या मुळाशी सरकार जात नव्हते, त्याच्या मुळाशी हा माजी तलाठी जात होता.

1942 च्या ऑगस्टमध्ये छोडो भारतचा ठराव झाला. सातारा जिल्ह्यात त्याचे पहिले रूप निःशस्त्र होते. कऱ्हाड, पाटण, तासगाव येथील कचेऱ्यांवर हजारो लोकांचे मोर्चे गेले. 9 सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ माणसे ठार झाली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथेही गोळीबारात बळी पडले. झेंडा घेऊन चालत आलेल्या माणसांना जे सरकार गोळी घालते, त्याच्याशी अर्जविनंतीने बोलता येते ही श्रद्धा त्या दोन दिवसांत ढासळली. राजकारणातील जहालपणा कोठून येतो, याची चर्चा करताना आपण बहुधा पुस्तकांचा आणि विचारप्रणालींचा शोध घेतो. साताऱ्यातील जहालपणाचा उगम कोणत्या ग्रंथात नव्हता. तो वडूजच्या कचेरीसमोर झाला.

नाना पाटील भूमिगत झाले. घरादारावर जप्ती आली, डोक्यावर इनाम लागले, तरी 1946 पर्यंत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. एवढा परिचित चेहरा, एवढा उंच देह आणि दुमदुमणारा आवाज असलेला माणूस जिल्ह्यात वावरत होता आणि त्याला दाखवून देणारे कोणी मिळत नव्हते, एवढे सांगितले तरी सरकार आणि जनता यांत किती अंतर पडले होते ते समजते.

1943 साली प्रतिसरकार उभे राहिले. ते समजण्यासाठी त्या काळचे अर्थकारण पाहिले पाहिजे. महायुद्ध चालू होते. सरकारचा खर्च कधी नव्हे इतका फुगला होता, नोटांचा सुकाळ आणि धान्याचा दुष्काळ झाला होता. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. म्हणजे सरकार लहान नव्हते. युद्धसामग्री खरेदी करण्यापुरते, धान्य गोळा करण्यापुरते आणि राजकीय कार्यकर्त्यांमागे पोलीस लावण्यापुरते ते अवाढव्य होते. पण त्याच वेळी खेड्यात दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्या होत्या, सावकाराचा फास आवळत होता, आणि फिर्याद घेऊन जावे तर पोलीस भलत्याच कामात गुंतलेले. खेडुताच्या दृष्टीने सरकार घेण्यासाठी मोठे आणि देण्यासाठी शून्य झाले होते. या पोकळीत प्रतिसरकार आले.

नाना पाटील या रचनेचे सर्वमान्य नेते. पण ती एकट्याची निर्मिती नव्हती. किसन वीर, नाथाजी लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर असे अनेक कार्यकर्ते तीत होते आणि तुफान सेनेची जबाबदारी जी. डी. बापू लाड यांच्याकडे होती. कुंडल हे एक मोठे केंद्र. हे गाव औंध संस्थानच्या हद्दीत होते. 1939 साली आपल्या प्रजेला ग्रामपंचायतींवर उभारलेली राज्यघटना देऊन बसलेल्या त्या चिमुकल्या संस्थानात खेडे आपला कारभार स्वतः करू शकते, हा विचार आधीच रुजलेला होता. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. जमिनीचे, बांधाचे, कर्जाचे, नांदवण्याचे तंटे गावातच मिटू लागले. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, दारूचे अड्डे बंद पाडले गेले, वाचनालये निघाली. आणि हे सर्व करणाऱ्यांना पगार नव्हता, कचेरी नव्हती, निवृत्तिवेतनाचा तर प्रश्नच नव्हता. लहान सरकारच्या पुरस्कर्त्यांना याहून लहान सरकार जगाच्या पाठीवर शोधूनही सापडणे कठीण.

पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडला पाहिजे. या सरकारने कर बसवला नाही, तरी त्याला पैसा लागत होताच. 1943 च्या जूनमध्ये शेणोली येथे रेल्वे लुटण्यात आली आणि 14 एप्रिल 1944 रोजी धुळे भागात चिमठाणे येथे सरकारी खजिन्याचे सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत करण्यात आले. परक्या सत्तेचा खजिना लुटणे हे त्या वेळी देशकार्यच मानले गेले. मात्र अशा महसुलावर कोणतेही सरकार कायमचे चालू शकत नाही. त्याहून अवघड गोष्ट शिक्षेची. तुरुंग नसलेल्या सरकारने शिक्षा कशी द्यायची? खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर काठीने मार देण्याची पद्धत पडली आणि त्यावरूनच प्रतिसरकारचे पत्री सरकार झाले. लोक हे नाव आजही कौतुकाने घेतात. परंतु न्याय झटपट आणि फुकट मिळतो तेव्हा त्यात अपील नसते, लेखी पुरावा नसतो, आरोपीच्या बाजूने बोलणारा वकील नसतो. गावचे वैर असलेल्या माणसाने दुसऱ्याचे नाव खबऱ्या म्हणून सांगितले तर त्याची शहानिशा कशाने व्हायची? कार्यकर्त्यांच्या चारित्र्याने, एवढेच उत्तर होते. नाना पाटलांसारखी माणसे होती तोवर ते उत्तर पुष्कळ अंशी पुरले. पण माणसाच्या चारित्र्यावरच सर्वस्वी विसंबलेली व्यवस्था ही त्या माणसांइतकीच टिकते. आपण कोर्टाच्या विलंबाला आणि कागदांच्या ढिगाऱ्याला नावे ठेवतो. त्या कागदांचा काही भाग निरपराध माणसाच्या तळपायाचे रक्षण करण्यासाठी असतो, हे विसरू नये.

अशी सरकारे इतरत्रही झाली. बलियातील सत्ता 1942 च्या ऑगस्टमध्ये काही दिवस टिकली. बंगालमधील तमलूकचे राष्ट्रीय सरकार त्या वर्षाच्या डिसेंबरात स्थापन झाले आणि 1944 मध्ये विसर्जित झाले. त्या वर्षी तुरुंगातून सुटलेल्या गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला होता. साताऱ्याने तो मानला नाही. गांधीजींचे नाव घेऊन लढणाऱ्यांनी गांधीजींचे ऐकले नाही, ही गोष्ट अवघडल्यासारखी बाजूला सारण्याचे कारण नाही. ज्यांच्यावर वॉरंट होते आणि ज्यांनी गावाला संरक्षणाचा शब्द दिला होता, त्यांना एकाएकी उघड होणे म्हणजे गाव पुन्हा पोलिसांच्या आणि टोळ्यांच्या हवाली करणे वाटले. पुढे 1946 साली प्रांतात लोकनियुक्त खेर मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेण्यात आली आणि नाना पाटील उजळ माथ्याने लोकांपुढे आले. जे पोलिसांच्या मोठमोठ्या मोहिमांनी साधले नाही ते मतपेटीने साधले. आपले म्हणता येईल असे सरकार दिसताच प्रतिसरकारचे प्रयोजन संपले.

यापुढचे नानांचे आयुष्य आपल्या भाषणांत सहसा येत नाही, कारण ते कोणत्याच एका पक्षाच्या सोयीचे नाही. स्वराज्य आले तरी कुळाचे आणि शेतमजुराचे राज्य आले नाही, असे त्यांना वाटले. ते काँग्रेसमधून बाहेर पडले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून ते लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत, बेचाळीसच्या लढ्यातील त्यांचे सहकारी आणि आता मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून निसटत्या मतांनी विजयी झाले. एकाच भूमिगत चळवळीतून आलेली दोन माणसे समोरासमोर उभी होती आणि निकाल मतदार देत होते. 1967 मध्ये नाना बीडमधून पुन्हा खासदार झाले.

येथे एक विसंगती दिसते. जगातील सर्वांत लहान सरकार चालवलेला माणूस, सर्वांत मोठ्या सरकारचा पुरस्कार करणाऱ्या पक्षात कसा गेला? मला ही विसंगती वाटत नाही. नाना पाटलांचा प्रश्न सरकारच्या आकाराचा कधी नव्हताच. सरकार कोणाच्या दाराशी येते आणि काय घेऊन येते, हा त्यांचा प्रश्न होता. तलाठी असताना ते वसुली घेऊन येत असे, म्हणून त्यांनी ते सोडले. प्रतिसरकार न्याय घेऊन आले, म्हणून त्यांनी ते चालवले. आणि गावाच्या बळाने जे जमीनदारीचे व दारिद्र्याचे प्रश्न सुटत नाहीत ते कायद्याने सुटावेत, म्हणून ते संसदेत गेले.

प्रतिसरकारने काठीच्या धाकाने जे केले त्यातील बरेचसे पुढे कायद्याने करावयास घेतले गेले. 1946 चा सावकारी नियंत्रणाचा कायदा, 1948 चा कूळकायदा, 1949 चा दारूबंदीचा कायदा ही त्याची उदाहरणे. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला आणि त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसाय कर बसला. शिक्षक आणि कारकून मंडळींच्या पगारपत्रकात तो आजही कापला जातो. सरकार मोठे झाले म्हणून आपण या कपातीकडे कपाळाला आठ्या घालून पाहतो. पण खजिना लुटून चालणारे सरकार आणि सर्वांनी थोडे थोडे देऊन चालणारे सरकार यांतील अंतर त्या एका ओळीत आहे.

आज एका बाजूला सरकारी नोकरभरती थांबवावी, शाळा आणि दवाखाने खाजगी हाती द्यावेत असा आग्रह आहे; दुसऱ्या बाजूला सरकारने सर्व काही वाटावे अशी अपेक्षा आहे. दोन्ही बाजू आकड्यांवर भांडतात. साताऱ्याचा अनुभव सांगतो की तलाठ्याच्या, शाळेच्या आणि कोर्टाच्या दाराशी माणसाला उत्तर मिळेनासे झाले म्हणजे दुसरे कोणीतरी उत्तर द्यायला उभे राहते. 1943 साली उभे राहिलेले लोक नाना पाटील होते, हे आपले भाग्य. दर वेळी तसे असेलच असे नाही. मोठ्या सरकारच्या खर्चाची धास्ती घेणाऱ्यांनी या पोकळीच्या खर्चाचाही अंदाज घ्यावा. आणि सरकार वाढवू पाहणाऱ्यांनी 1943 चे सरकार आकाराने लहान नव्हते हे ध्यानात ठेवावे.

6 डिसेंबर 1976 रोजी मिरज येथे नाना पाटलांचे निधन झाले आणि वाळवे येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. दोनदा खासदार झालेल्या या माणसाने मागे इस्टेट ठेवली नाही. तलाठ्याचे दप्तर खाली ठेवून निघालेला हा प्रवास शेवटपर्यंत त्या दप्तरातील नावांसाठीच होता.