नियम नीट वाचणारा मेकॅनिक

आपल्या हॉस्टेलवर रेसिंगच्या गप्पा सुरू होतात फॉर्म्युला वनपासून आणि येऊन थांबतात ड्रायव्हरवर. गाडी कोणी बांधली हे कोणी विचारतच नाही! मी पडलो मेकॅनिकलचा, मला आधी तोच प्रश्न पडतो. म्हणून या अंकात एका मेकॅनिकची गोष्ट सांगतो. नाव हेन्री युनिक, पण सगळे त्याला ओळखायचे स्मोकी या नावाने.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टॉक कार म्हणजे बाहेरून शोरूममधल्या गाडीसारखी दिसणारी, पण आतून शर्यतीसाठी बांधलेली गाडी. अशा शर्यती भरवणारी अमेरिकेतली संस्था म्हणजे नॅसकार. बिल फ्रान्सने ती १९४८ साली उभी केली. या शर्यतीत ड्रायव्हरच्या मागे क्रू चीफ असतो. गाडीची जुळणी, ट्यूनिंग, पिटमधली माणसं, सगळं त्याच्या हुकमतीत. आणि त्याच्या समोर उभे असतात नियमपुस्तक नि गेज घेऊन गाडी तपासणारे अधिकारी. बाहा स्पर्धेला गाडी घेऊन गेलेल्यांना ही जुगलबंदी चांगलीच ठाऊक आहे.

स्मोकीचा जन्म १९२३ चा. पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर वाढला. वडील गेले आणि सोळाव्या वर्षी शाळा सुटली. भंगारातल्या मोटारीपासून त्याने शेतासाठी ट्रॅक्टर बनवला. मोटरसायकलच्या शर्यतीत त्याची गाडी भसाभस धूर सोडायची, त्यावरून स्मोकी हे नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धात त्याने बी-१७ बॉम्बर विमान उडवलं, पन्नासहून जास्त मोहिमा केल्या. उड्डाणात वरून पाहिलेलं डेटोना बीच गाव त्याला आवडलं होतं. युद्धानंतर तिथेच संसार थाटला आणि १९४७ मध्ये गॅरेज काढलं. पुढची चाळीस वर्षं ते चाललं.

त्याने तयार केलेल्या हडसन हॉर्नेट गाडीवर हर्ब थॉमस १९५१ आणि १९५३ साली नॅसकारचा विजेता झाला. १९६१ ची डेटोना ५०० शर्यत स्मोकीच्या पाँटियाकवर मार्विन पँचने जिंकली, १९६२ ची फायरबॉल रॉबर्ट्सने. इंडियानापोलिस ५०० ही मोठी शर्यत १९६० साली जिम रॅथमनने जिंकली, त्या संघातही स्मोकी होता. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाची ही मार्कशीट!

पण स्मोकी लोकांच्या लक्षात राहिला तो अधिकाऱ्यांशी झालेल्या झटापटींमुळे. त्याचा हिशेब सरळ होता. जे पुस्तकात मना केलेलं नाही, ते चालतं. सर्वांत गाजलेला किस्सा इंधनाच्या नळीचा. टाकी केवढी असावी हे नियमात होतं, नळी केवढी असावी हे नव्हतं. स्मोकीने म्हणे दोन इंच व्यासाची, अकरा फूट लांबीची नळी वेटोळं करून बसवली आणि पाच गॅलन जादा इंधन मिळवलं. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एवढ्या नळीत मावतं साधारण ६.८ लिटर, म्हणजे पावणेदोन गॅलनच्या आसपास. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर! थोडक्यात, युक्ती भारी, पण कट्ट्यावर सांगता सांगता नळी फुगत गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल छापणाऱ्यांनी स्मोकीचं नाव घेऊ नये. दुसऱ्याचं उतरवायला नियम वाचावा लागत नाही. स्मोकी नियम लिहिणाऱ्यापेक्षा बारकाईने वाचत होता. अर्थात प्रत्येक फट न्याय्य असते असंही नाही. शर्यत सगळ्यांना सारखी राहावी म्हणून अधिकाऱ्यांना त्या बुजवाव्याच लागत होत्या. ते त्यांचं काम होतं.

प्रश्न वेगळ्याच ठिकाणी येतो. २४ मे १९६४ रोजी शार्लट इथल्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी धडकून पेटली. त्या वेळी तो दुसऱ्या संघाकडून धावत होता, पण स्मोकीचा जुना जोडीदार आणि मित्र. भाजलेल्या अवस्थेत पाचेक आठवडे झुंजून २ जुलैला तो गेला. त्यानंतर स्मोकी सुरक्षिततेच्या मागे हात धुऊन लागला. त्याआधीच, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने ट्रॅकच्या कडेसाठी एक भिंत सुचवली होती. प्लायवूडच्या फळ्या आणि मध्ये जुने टायर, बस्स. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आहे हे. थांबायला वेळ जास्त मिळाला की बल कमी होतं. नॅसकारने ती घेतली नाही. त्याची सुरक्षिततेची म्हणणी बिल फ्रान्सने वारंवार बाजूला सारली आणि १९७० मध्ये स्मोकीने नॅसकार सोडलं.

मला इथे खरी गोम दिसते. फट शोधणारा मेंदू एकच होता. नियमपुस्तकात फट दिसली तेव्हा त्याने नळी बसवली. काँक्रीटच्या भिंतीत धोका दिसला तेव्हा टायर सुचवले. अधिकाऱ्यांनी पहिल्या फटी बुजवल्या आणि दुसरीकडे पाहिलंच नाही.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं आपण गमतीने म्हणतो. नॅसकारला हे उशिरा पटलं असावं. १९८३ साली बॉबी अॅलिसनला विजेतेपद मिळवून देणारा क्रू चीफ गॅरी नेल्सन नियमांच्या फटी हेरण्यात तरबेज मानला जायचा. १९९२ मध्ये संस्थेने त्यालाच अधिकारी केलं आणि गाड्यांच्या तपासणीची सूत्रं त्याच्या हाती दिली. कालपर्यंत रांगेत उभा असलेला माणूस गेज घेऊन समोर उभा! स्मोकीला अशी खुर्ची मिळाली नाही. १९८७ मध्ये त्याने गॅरेज बंद केलं.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्टची गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि तो गेला. त्याच वर्षी ९ मे रोजी रक्ताच्या कर्करोगाने स्मोकीही गेला, ७७ व्या वर्षी. पुढच्या वर्षी, मे २००२ मध्ये, इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर धडक सोसणारी नवी भिंत उभी राहिली. पोलादी नळ्या आणि त्यांच्या मागे फोम. नंतर नॅसकारच्या ट्रॅकवरही ती आली. सामान वेगळं, गणित अधिक पक्कं, पण तत्त्व तेच. चाळीस वर्षं उशिरा.

मित्रांनो, आपल्यातले काही जण पुढे गाड्या बांधतील आणि काही जण गेज हातात घेऊन त्या तपासतील. बांधणाऱ्यांनी नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. तपासणाऱ्यांना मात्र माझं जास्त कळकळीचं सांगणं आहे. ज्याला शंभर वेळा अडवलं, त्याचा एकशे एकावा कागद फेकू नका. त्यावर एखाद्या भिंतीचं ड्रॉइंग असू शकतं.