कैद्यांची आई : मम शर्ल

ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटची मैदाने आणि कांगारू उभे राहतात. परंतु ती भूमी हजारो वर्षांपासून ज्यांची आहे, त्या आदिवासींची आठवण आपल्याला क्वचितच होते. अशाच एका आदिवासी स्त्रीची ही जीवनकथा. तिचे नाव शर्ली स्मिथ. पण लोक तिला ओळखत ते मम शर्ल, म्हणजे शर्लआई, या नावाने.

न्यू साउथ वेल्स राज्यातील काउरा गावाजवळच्या इरॅम्बी या आदिवासी वसाहतीत, विराड्जुरी जमातीत तिचा जन्म झाला. आदिवासींनी कोठे राहावे, कोठे जावे, यावर त्या काळी सरकारी मंडळाचा अंमल चाले. लहान मुलेसुद्धा आईबापांपासून तोडून नेली जात. शर्लीला अपस्माराचा विकार असल्यामुळे तिची नियमित शाळा झालीच नाही. आजोबांनी तिला घरी शिकविले. पुस्तकी विद्या तिच्या वाट्याला आली नाही, पण आदिवासींच्या अनेक भाषा मात्र तिला येत.

पुढे कुटुंब सिडनीत आले. तिचा भाऊ लॉरी तुरुंगात गेला आणि ती त्याला भेटायला जाऊ लागली. जाता-येता तिच्या ध्यानात आले की, येथे असे कितीतरी आदिवासी तरुण आहेत की ज्यांच्या भेटीला कोणीच येत नाही. भाऊ सुटला, पण शर्लीच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. कैद्याशी नाते काय, असे अधिकारी विचारीत. ती दर वेळी एकच नाते सांगे : आपण त्याची आई! तेच नाव पुढे तिला कायमचे चिकटले.

१९७० च्या सुमारास सिडनीच्या रेडफर्न वस्तीत रात्री रस्त्यावर दिसणाऱ्या आदिवासींना पोलिस सर्रास पकडून नेत. दारू पिऊन फिरणे, अपशब्द वापरणे असे आरोप ठेवले जात. वकिलाला द्यायला पैसा नाही, कोर्टाची भाषा कळत नाही. मग गुन्हा कबूल करण्यावाचून गत्यंतर काय? पॉल को, गॅरी फोली यांसारखे आदिवासी तरुण, न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या विधी शाखेचे प्रमुख हॅल वूटन आणि मम शर्ल यांच्या प्रयत्नांतून १९७० साली आदिवासी विधी सेवा उभी राहिली. आदिवासींना विनामूल्य वकील देणारी ही त्या देशातील पहिली आदिवासी विधी सेवा. १९७१ मध्ये आदिवासी वैद्यकीय सेवा आणि १९७३ मध्ये गृहनिर्माण संस्था निघाली. त्यांच्या उभारणीतही मम शर्लचा हात होता. अनाथ, निराधार अशी साठांहून अधिक मुले तिने स्वतःच्या घरी वाढविली.

सरकारने १९७७ मध्ये एम.बी.ई. हा किताब आणि १९८५ मध्ये ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचा बहुमान देऊन तिचा सन्मान केला. राज्यातील तुरुंगांत मुक्तपणे जाण्याचा परवानाही तिला एके काळी मिळाला होता. पण तुरुंग खात्याने तो पुढे काढून घेतला. एका हाताने गौरव करायचा आणि दुसऱ्या हाताने दार लावायचे, याला काय म्हणावे? १९८० ते १९८९ या काळात कोठडीत मृत्यू पावलेल्या ९९ आदिवासींची चौकशी पुढे एका शाही आयोगाला करावी लागली. त्याचा अहवाल १९९१ मध्ये आला.

२८ एप्रिल १९९८ रोजी मम शर्लचे निधन झाले. आज न्यू साउथ वेल्समध्ये आदिवासीला पोलिसांनी ताब्यात घेतले की विधी सेवेला कळवावे लागते आणि वकील फोनवर त्याच्याशी बोलतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत कॉलेजची पायरी चढणारे आपणच पहिले. सरकारी कागद हाती आला की घरची वडीलधारी माणसे आपल्याकडे पाहतात. शाळा न पाहिलेल्या एका बाईने परक्यांच्या मुलांसाठी एवढे केले. मग चार अक्षरे शिकलेल्या आपण, शेजाऱ्याचा कागद वाचून देण्यासाठी आणि त्याच्याबरोबर कचेरीत जाण्यासाठी, निदान एक दिवस तरी काढू नये काय?