निर्जन मुलखातील पाखरे

अरबस्तानच्या दक्षिण भागात वाळूचा एक अफाट सागर पसरलेला आहे. अरबी भाषेत त्याला रुब-अल-खाली, म्हणजे रिकामा मुलूख, असे म्हणतात. त्याचा विस्तार सुमारे साडेसहा लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे. तेथील वाळूच्या टेकड्या काही ठिकाणी अडीचशे मीटरपर्यंत उंच जातात. नदी तर तेथे नाहीच. १९३२ साली त्या प्रदेशात ना गाव होते, ना रस्ता होता. विहिरी एकमेकींपासून दूरदूर होत्या आणि त्यांपैकी कित्येकींचे पाणी खारट, कडवट होते.

असा प्रदेश ओलांडणारा माणूस आपला जीव आणि पाण्याची पखाल यांपलीकडे कशाचा विचार करील असे आपणांस वाटणार नाही. परंतु त्या वर्षी एक प्रवासी उंटावरून हा मुलूख ओलांडत असताना झुडपाच्या सावलीत दडलेला लहानसा चंडोलही न्याहाळत होता, आणि तो कोठे व कोणत्या दिवशी दिसला याची टिपणी करून ठेवत होता. त्या प्रवाशाचे नाव हॅरी सेंट जॉन फिल्बी.

फिल्बी यांचा जन्म ३ एप्रिल १८८५ रोजी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत झाला. त्यांचे वडील तेथे चहाचे मळेवाले होते. फिल्बींचे शिक्षण लंडन व केंब्रिज येथे झाले. पुढे ते सनदी अधिकारी होऊन हिंदुस्थानात आले व पंजाबात काम करू लागले. भाषा शिकण्याची त्यांना विलक्षण आवड होती. उर्दू, पंजाबी, फारसी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या आणि नंतर अरबीही शिकून घेतली. बुद्धी तीव्र, अंगी कष्टाळूपणा अपार. तथापि स्वभाव हट्टी. आपले मत ते कोणापुढेही आडपडदा न ठेवता बोलून दाखवीत. त्यामुळे वरिष्ठांशी त्यांचे वारंवार खटके उडत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, ब्रिटिश सरकारने त्यांना अरबस्तानात इब्न सौद या राजाच्या भेटीस पाठविले. त्या वेळी ते इराणी आखाताच्या किनाऱ्यापासून निघून, उंटावर बसून, तांबड्या समुद्रावरील जेद्दाह बंदरापर्यंत गेले. या एका प्रवासाने त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. अरबस्तानचे आकाश, तेथील वाळू आणि तेथील माणसे यांनी त्यांचे मन कायमचे जिंकून घेतले. सरकारचे धोरण न पटल्यामुळे १९२४ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुढे जेद्दाह येथे राहून ते व्यापार करू लागले. १९३० साली त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला. राजाने त्यांना अब्दुल्ला हे नाव दिले.

या सर्व काळात एक इच्छा त्यांच्या मनात घर करून बसली होती. रुब-अल-खाली ओलांडणारा पहिला युरोपीय प्रवासी आपण व्हावे, ही ती इच्छा होय. राजाच्या अनुमतीवाचून हा प्रवास अशक्य होता. म्हणून फिल्बी वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. परंतु १९३१ च्या आरंभी बातमी आली, की बर्ट्रम थॉमस नावाच्या दुसऱ्या एका इंग्रज प्रवाशाने तो मुलूख दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडला! ज्या ध्येयासाठी फिल्बी इतकी वर्षे झुरले, ते असे हातचे निसटले. त्यांना अतिशय दुःख झाले. दुसरा कोणी असता तर त्याने हा विचार तेथेच सोडून दिला असता. फिल्बींनी तो सोडला नाही. पहिलेपणाचा मान गेला होता. परंतु पाहण्याचे काम अद्याप शिल्लक होते. एकदा ओलांडलेला म्हणून तो प्रदेश पुरता पाहिलेला झाला असे थोडेच आहे?

अखेर राजाची अनुमती मिळाली. जानेवारी १९३२ मध्ये फिल्बी हुफूफ या गावाहून दक्षिणेकडे निघाले. बरोबर पंधरावीस माणसे, तीसएक उंट आणि तीन महिन्यांची शिधासामग्री होती. वाटाडे मुर्रा या टोळीचे होते. वाळूतील पाऊलखुणा वाचण्यात या टोळीचे लोक फार निष्णात. कोणता उंट गेला, केव्हा गेला, हे ते नुसत्या ठशांवरून सांगत. दिवस रमजानच्या उपवासांचे होते. दिवसभर वाटचाल करावी, रात्री मुक्काम करावा, आणि सोबती शेकोटीभोवती बसले असता फिल्बींनी कंदिलाच्या उजेडात आपली वही काढावी, असा क्रम असे. आज किती अंतर चाललो, दिशा कोणती होती, भूमीची उंची किती, विहीर किती खोल, वाटेत कोणते झुडूप, कोणता दगड, कोणता पक्षी दिसला, हे सारे त्या वहीत उतरत असे.

त्या रखरखीत मुलखातही पाखरे होती. तेथील एक चंडोल तर मोठा मजेदार आहे. त्याची चोच लांब व किंचित बाकदार असते. अरब लोक त्याला उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई, असे म्हणतात. तो वाळूवरून तुरुतुरु धावतो. मध्येच शीळ घालीत सरळ आकाशात चढतो आणि पंख मिटून खाली झेप घेतो. पाणी नसताना हे पक्षी जगतात कसे? किडे व अळ्या खाऊन त्यांतील ओलाव्यावर ते आपली तहान भागवितात. दुपारच्या उन्हात ते झुडपाच्या बुडाशी निश्चल बसून राहतात. कडक उन्हाळ्यात हा चंडोल सरड्याच्या जातीच्या एका मोठ्या प्राण्याच्या बिळात शिरून बसतो, असेही शास्त्रज्ञांना अलीकडच्या काळात आढळून आले आहे.

फिल्बींना वाटेत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. अरबस्तानातील शहामृग विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नामशेष झाला. त्यामुळे त्या तुकड्यांचे मोल आज अधिकच वाटते. कोरड्या सखल जागी त्यांना गोड्या पाण्यातील शिंपले आणि गारगोटीची प्राचीन हत्यारेही सापडली. हजारो वर्षांपूर्वी या वाळवंटात तळी होती व माणसे राहत होती, याची ती साक्ष होय.

या प्रवासात फिल्बींना वबार नावाच्या नगरीचा शोध घ्यावयाचा होता. आद नावाच्या राजाची ही वैभवशाली नगरी त्याच्या पापामुळे आकाशातून आलेल्या अग्नीने भस्म झाली, अशी दंतकथा अरबांत प्रचलित होती. फेब्रुवारीच्या आरंभी वाटाड्यांनी त्यांना त्या जागी नेले. पाहतात तो काय! ना भिंती, ना वाडे. वाळूत प्रचंड खळगे पडलेले आणि त्यांच्या काठावर काळ्या काचेसारखे खडे विखुरलेले. सोबत्यांनी ते खडे राण्यांच्या हारांतील मोती समजून गोळा केले. फिल्बींची मोठी निराशा झाली. परंतु दंतकथेसाठी त्यांनी सत्य लपविले नाही. येथे नगरी नव्हती, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. हा एखादा ज्वालामुखी असावा असा त्यांचा तर्क होता, तोही चुकला. त्यांनी आणलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात तपासले गेले, तेव्हा कळून आले, की आकाशातून पडलेल्या लोखंडी अशनीच्या आघाताने ते खळगे पडले होते आणि त्या उष्णतेने वाळू वितळून तिची काच झाली होती. तर्क चुकला तरी नमुने व टिपणे खरी होती; म्हणूनच ती चूक दुरुस्त होऊ शकली.

खरी कसोटी पुढेच होती. नैफा येथील विहीर सोडली, की पश्चिमेस सुलैयिल या गावापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर पाण्याचा थेंबही मिळणार नव्हता. फिल्बींनी पश्चिमेची वाट धरली. काही दिवसांतच सामानाचे उंट थकून गेले. पाऊस न झाल्यामुळे चारा नव्हता. पुढे जाणे म्हणजे मृत्यूला सामोरे जाणे, असे सोबत्यांनी सांगितले. फिल्बी संतापले, त्यांनी वाद घातला. परंतु शेवटी त्यांना माघार घ्यावी लागली. त्या हट्टी माणसाला ती माघार किती कठीण गेली असेल! तथापि वाळवंट ज्यांना ठाऊक होते त्यांचेच म्हणणे बरोबर होते. जड सामान आणि काही माणसे त्यांनी परत हुफूफकडे पाठविली, निवडक सोबती व सशक्त उंट घेतले आणि मार्चमध्ये पुन्हा प्रस्थान ठेवले. या वेळी त्यांना यश आले. १४ मार्च १९३२ रोजी ही मंडळी सुलैयिल येथे सुखरूप पोहोचली.

यानंतर फिल्बींची दृष्टी अरबस्तानच्या पश्चिमेकडील डोंगरांकडे वळली. ताइफ, असीर आणि नजरान या भागांतील पर्वत काही ठिकाणी तीन हजार मीटरपर्यंत उंच आहेत. खाली तापलेली वाळू, तर वर थंड हवा, धुके आणि वृक्षांची दाट राई! या डोंगरांतून फिल्बींनी उंटावरून, मोटारीने व पायी प्रवास केला, नकाशे तयार केले आणि पाखरांचे नमुने गोळा केले.

त्या काळी पक्ष्याची जात निश्चित करण्यासाठी त्याला मारून त्याचे कातडे सुकवून ठेवीत असत. आज आपण तसे करीत नाही. दुर्बीण आणि छायाचित्र यांनीच काम भागते. परंतु त्या कातड्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी आजही ध्यानात घेण्याजोगी आहे. तीवर स्थळ व दिनांक लिहिलेला असे. चिठ्ठी नसेल तर दुर्मीळ पक्ष्याचा नमुनाही शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

फिल्बींनी पाठविलेल्या नमुन्यांत तज्ज्ञांना तोवर अज्ञात असलेले पक्षी आढळले. एक होता आपल्या चकोराचा भाऊबंद. काळा गळा आणि डोळ्यांवरून गेलेली पांढरी रेघ असलेला. १९३४ साली त्याला फिल्बींचेच नाव देण्यात आले. दुसरा होता एक लहान सुतारपक्षी. अरबस्तानात कायम वास्तव्य करणारा हा एकमेव सुतारपक्षी होय. १९३५ साली त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना फिल्बींच्या पत्नी डोरा यांचे नाव त्यात गुंफण्यात आले.

उतारवयातही फिल्बींची भटकंती आणि स्पष्टवक्तेपणा कमी झाला नाही. तेलाच्या पैशामुळे दरबारात उधळपट्टी वाढली, अशी त्यांनी उघड टीका केली. त्याबद्दल १९५५ साली त्यांना देशाबाहेर जावे लागले. पुढच्याच वर्षी ते परत आले. ३० सप्टेंबर १९६० रोजी बैरूत येथे त्यांचे निधन झाले.

फिल्बींना पहिलेपणाचा मान मिळाला नाही आणि वबार नगरीही सापडली नाही. परंतु आजही दुर्बिणी घेऊन असीरच्या डोंगरांत जाणारे पक्षिनिरीक्षक बाभळीच्या फांदीवर तो लहान सुतारपक्षी शोधीत असतात. तो दिसला, की तेही वही उघडतात आणि स्थळ व दिनांक लिहितात.