मार्था कोस्टन : अंधारात पेटवलेली धोक्याची खूण

पेणहून रोह्याकडे जाणारा रेल्वेमार्ग कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके घेत डोंगर आणि खाडीच्या मधून वाट काढतो. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते. पावसाळ्यात या भागात रात्ररात्र धो धो पाऊस कोसळतो. अशा रात्री रुळांवर गस्त घालणारा कर्मचारी कंदील, झेंडी आणि धोक्याच्या खुणांचे साहित्य घेऊन चालत असतो. दरड रुळांवर आली किंवा रुळाखालची खडी वाहून गेली, तर येणारी गाडी वेळेत थांबवणे ही त्याची जबाबदारी. ब्रेक दाबला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही, कित्येक शे मीटर पुढे जाते. म्हणून ब्रॉडगेज मार्गावर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर बांधण्याचा नियम आहे. चाकाखाली ते फुटले, की चालकाला आवाज ऐकू येतो. डोळ्यांना दिसणारी खूण म्हणून लाल दिवा असतो, तसेच भडक लाल ज्योतीने जळणारी कांडीही असते. रेल्वेत तिला फ्युजी म्हणतात.

पावसात न विझणारी, दुरून दिसणारी आणि हातात धरणाऱ्याला न भाजणारी अशी ज्योत तयार करणे सोपे नव्हते. या कामात अमेरिकेतील एका तरुण विधवेने आयुष्य घालवले. तिच्या कथेची सुरुवात मात्र रसायनांनी घेतलेल्या एका बळीपासून होते.

मार्था जेन हंट यांचा जन्म १८२६ मध्ये बाल्टिमोर येथे झाला. लहानपणी त्या फिलाडेल्फियाला आल्या. तिथे बेंजामिन फ्रँकलिन कोस्टन या हुशार तरुण संशोधकाशी त्यांची ओळख झाली आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी घरच्यांच्या नकळत त्याच्याशी लग्न केले. बेंजामिन वॉशिंग्टनमधील नौदलाच्या गोदीत प्रयोगशाळा सांभाळत होते. इशाऱ्याचा अग्निबाण आणि तोफेला बत्ती देणारी नवी टोपी यांवर त्यांचे काम चालू होते. टोपीच्या पेटंटच्या मोबदल्यावरून नौदलाशी वाद झाला. १८४७ मध्ये नोकरी सोडून ते बॉस्टनच्या गॅस कंपनीचे अध्यक्ष झाले.

या दोन्ही कामांत त्यांचा रासायनिक धुराशी रोजचा संबंध होता. त्या काळी दिव्यांसाठी वापरला जाणारा गॅस दगडी कोळशापासून काढत. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे विषारी वायू असत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, थकवा येतो आणि माणूस ते अंगावर काढतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास असतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते. धोका टळला असे वाटते, तेव्हाच तो सर्वांत जास्त असतो. त्या काळी कारखान्यात ना वायू मोजण्याचे साधन होते, ना मुखवटे. बेंजामिन यांची प्रकृती खालावत गेली आणि १८४८ मध्ये तिशी गाठण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला.

एकविसाव्या वर्षी मार्था विधवा झाल्या. पदरात लहान मुले होती आणि हाती फारसा पैसा नव्हता. पुढच्या दोनेक वर्षांत त्यांची आई गेली आणि पोटची मुलेही दगावली. उरलेल्या मुलांना कसे वाढवायचे या विवंचनेत त्या पतीचे कागद चाळत होत्या. त्यात रात्री जहाजांनी एकमेकांना रंगीत ज्योतींनी निरोप कसा द्यावा, याचा एक अर्धवट आराखडा सापडला. दिवसा झेंड्या दाखवून जहाजे बोलत, पण रात्री कंदिलाखेरीज फारसे साधन नव्हते आणि कंदील दूरवर दिसत नसे.

कागदावर कल्पना होती, कृती नव्हती. कोणते क्षार किती घ्यायचे, ज्योत किती वेळ टिकेल, दमट हवेत ती पेटेल का, हे सगळे नव्याने शोधावे लागणार होते. मार्था यांनी रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी रसायनतज्ज्ञ आणि आतषबाजीचे कारागीर कामाला लावले आणि जवळजवळ दहा वर्षे एकामागून एक फसलेले प्रयोग पाहिले. बाईचे कोणी ऐकणार नाही या भीतीने त्यांनी काही कारागिरांशी पुरुषाच्या नावाने पत्रव्यवहार केला.

ज्योतीचा रंग तिच्यातील धातूच्या क्षारावर ठरतो. स्ट्रॉन्शियममुळे लाल, बेरियममुळे हिरवा आणि तांब्यामुळे निळा रंग येतो. लाल आणि पांढरी ज्योत त्यांना साधली होती. तिसऱ्या रंगावर काम अडले होते. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची केबल टाकली गेली आणि त्या आनंदात न्यूयॉर्कमध्ये मोठी आतषबाजी झाली. ती पाहताना मार्था यांना वाटले, की इतका तेजस्वी निळा रंग करणारा कारागीर मिळाला तर आपले काम होईल. पण निळी ज्योत करणे आजही अवघड आहे. रंग देणारे तांब्याचे संयुग जास्त उष्णतेत टिकत नाही आणि ज्योत फिकट पडते. शेवटी लाल आणि पांढऱ्याच्या जोडीला हिरवा रंग आला. या तीन रंगांच्या वेगवेगळ्या जुळणीतून आकडे दाखवायचे आणि आकड्यांवरून संकेतपुस्तकातील वाक्य वाचायचे, अशी पद्धत तयार झाली.

५ एप्रिल १८५९ रोजी अमेरिकेत या पद्धतीला पेटंट मिळाले. त्यावर संशोधक म्हणून नाव होते दिवंगत बेंजामिन यांचे. दहा वर्षे खपलेल्या मार्था यांची नोंद पतीच्या मालमत्तेच्या व्यवस्थापक म्हणून झाली. नौदलाने चाचण्या घेतल्या, निकाल चांगला आला आणि पहिली मागणी ३०० संचांची आली. मार्था युरोपात गेल्या आणि तिथल्या अनेक देशांतही त्यांनी पेटंट मिळवले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मार्था यांनी पेटंटसाठी सरकारकडे ४०,००० डॉलर मागितले, मिळाले २०,०००. युद्धात दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी करणारी जहाजे याच ज्योतींनी रात्री एकमेकांना सावध करत. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशरवरील हल्ल्यातही त्या वापरल्या गेल्या. युद्धकाळात कच्च्या मालाचे भाव वाढले, तरी मार्था यांच्या कारखान्याने फारसा नफा न घेता माल पुरवला. नंतर त्यांनी १,२०,००० डॉलरची भरपाई मागितली, पण सरकारने देऊ केले फक्त १५,०००. त्यासाठी त्या वर्षानुवर्षे झगडत राहिल्या.

१८७१ मध्ये त्यांना स्वतःच्या नावावर पेटंट मिळाले. ही सुधारणा वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची होती. वादळात, ओल्या हातांनी, वेगळी काडी ओढून दारू पेटवणे म्हणजे एकतर ज्योत न पेटणे किंवा हात भाजणे. नव्या रचनेत पीळ देताच ज्योत पेटण्याची सोय होती.

पुढे अमेरिकेच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक ठाण्यांमध्ये कोस्टन यांच्या ज्योती ठेवल्या गेल्या. रात्री वाळूतून पायी गस्त घालणारा रक्षक किनाऱ्याच्या फार जवळ आलेले जहाज पाहिले, की ज्योत पेटवून त्याला परत फिरण्याचा इशारा देई. रुळांवरचा गस्तवाला तेच करतो, फक्त समोर जहाजाऐवजी गाडी असते. रेल्वेची लाल कांडीही याच तत्त्वावर चालते. तिच्यात रंगासाठी स्ट्रॉन्शियम नायट्रेट असते आणि जळण्यासाठी गंधक, शिवाय ऑक्सिजन पुरवणारे परक्लोरेटसारखे रसायन असते. ऑक्सिजन आतूनच मिळत असल्याने ती वाऱ्यापावसातही जळत राहते.

मार्था यांनी १८८६ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कंपनी त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचे नाव आले.

त्यांच्या आयुष्यातून आरोग्याचा एक धडा मिळतो. जीव वाचवणारी वस्तू बनवणाऱ्याचाही जीव असतो. ज्योतीतील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याने लगेच धाप लागू शकते. म्हणून अशी कांडी पेटवताना वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करावी, ती शरीरापासून लांब धरावी आणि ज्योतीकडे एकटक पाहू नये. परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. त्यामुळे त्याच्या धुळीत रोज काम करणाऱ्यांची थायरॉइडची तपासणी व्हायला हवी. कोणत्याही ज्योतीने भाजले, तर भाग वाहत्या नळाच्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावू नये.

रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. पेणच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत रंगाची फवारणी चालते. इथे काम करणाऱ्याला संध्याकाळी रोज डोके दुखत असेल, सुट्टीच्या दिवशी ते थांबत असेल, खोकला किंवा धाप वाढत असेल, तर ते थकव्यावर ढकलू नये. डॉक्टरांना आपण कोणत्या रसायनात काम करतो हे आवर्जून सांगावे, कारण अनेकदा निदान त्या एका माहितीवरच अवलंबून असते. बेंजामिन कोस्टन यांच्या काळी ना मुखवटा होता, ना तपासणी. आज दोन्ही आहेत. मुखवटा खुंटीवर टांगलेला राहू नये आणि वर्षाची तपासणी केवळ सहीपुरती उरू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.